‘कास्ट करणे’ला मराठीत काय म्हणाल? फेकणे, टाकणे की ओढणे?

नमस्कार मंडळी, नाशिकला आम्ही तीन-चार टाळकी दोन हातांनी धरायच्या लांब फ्लाय रॉडचा, म्हणजे नकली माशीने मासे धरायच्या काठीचा, सराव करतो. नवीन पोरं विचारायला येतात, त्यांच्यासाठी चार पानं मराठीत लिहून काढावीत म्हणून बसलो तर पहिल्याच ओळीत अडलो. ‘कास्ट करणे’ला काय लिहू? सगळे ‘फेकणे’ म्हणतात, मला ते पटत नाहीये. साध्या गळाला शिसं असतं, शिसं भिरकावलं की दोरी त्याच्यामागे जाते. फ्लायमध्ये गळावर बांधलेली माशी म्हणजे नुसती पिसं आणि दोरा, तिला वजन असं नाहीच, वजन सगळं दोरीत, त्यामुळे दोरी उलगडत जाते आणि माशी तिच्या टोकाला लागून जाते. त्यात दोन हातांच्या स्पे पद्धतीत तर दोरी पूर्ण मागे जातच नाही. मागे झाडं नाहीतर चढ असतो म्हणूनच ही पद्धत निघाली, दोरीचं टोक तुमच्या बाजूला पाण्यावर टेकलेलं राहतं, बाकीची दोरी रॉडच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखी फुगते आणि तिथूनच पुढे सुटते. यात ‘फेकलं’ काय? शिवाय ‘फेक’ म्हटलं की पोरगं वरच्या हाताने जोर लावून ढकलतं आणि सगळी दोरी समोर पाच हातांवर गोळा होऊन पडते. तर शब्द सुचवा. कास्ट, अँकर (ते पाण्यावर टेकलेलं टोक), डी-लूप (ती मागे फुगलेली दोरी), लोड (रॉड वाकून ताण येणं), स्लॅक (दोरीतला ढिलेपणा), एवढे सध्या अडलेत.

प्रतिसाद –
दादा एवढं कशाला, जाळं फेकतात आणि गळ टाकतात. आमच्या नांदूरमध्यमेश्वरकडे गळ फेकला असं कोणी म्हणत नाही. ‘दोरी टाकणे’ लिहा, विषय संपला. फक्त गळ पुल्लिंगी ठेवा, तो गळ. ती गळ घातली तर त्याचा अर्थ आग्रह होतो, मासा तसा ऐकत नाही.

धागाकर्ता –
हा हा, बरोबर. पण ‘टाकणे’त हात काय करतो ते कळत नाही ना. वाचणाऱ्याला शब्दातूनच हालचाल कळावी अशी माझी हाव आहे.

प्रतिसाद –
निवृत्त शिक्षक आहे, विज्ञान शिकवायचो, मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही. पण दोन हात आणि एक काठी म्हटल्यावर ही सरळ तरफ झाली. टेकू, बल आणि भार कुठे आहेत ते आधी सांगा, क्रियापद आपोआप मिळेल.

धागाकर्ता –
सर, १३ फुटी रॉड धरा. खालचा हात बुडाशी, वरचा त्याच्यापासून साधारण दोन फुटांवर. वरचा हात जवळपास जागेवर ठेवून खालचा हात छातीकडे ओढायचा. वरचा हात नुसता दिशा दाखवतो, जोर खालच्याचा. शिकाऊ माणूस नेमकं उलटं करतो, खालचा हात पोटाशी गच्च ठेवून वरच्याने ढकलतो.

प्रतिसाद –
मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. तुम्ही सांगता त्यात टेकू मधे येतो, म्हणजे पहिल्या प्रकारची तरफ. बलाची बाजू दोन फूट, भाराची ११ फूट, म्हणजे रॉड ताठ धरला तर हात एक फूट हलला की टोक साडेपाच फूट जातं. शिकाऊ करतो ती तिसऱ्या प्रकारची, टेकू बुडाशी आणि बल मधे, चिमट्याची असते तशी. गंमत म्हणजे गणिताने तिथला पट जास्त येतो, १३ भागिले दोन, साडेसहा. पण जोरही तेवढाच जास्त लागणार.

धागाकर्ता –
आणि तेवढंच नाही सर. ढकलताना खांदा पुढे जातो, मग रॉडचं टोक सरळ न जाता पुढे खाली वाकून पडतं. दोरी टोकाच्याच वाटेने जाते, टोक खाली आलं की दोरीचा वेटोळा मोठा उघडतो आणि जीव जातो त्याचा. ओढताना टोक वरच्या वर थांबवता येतं. थोडं ढकलणं सगळेच करतात, ते पूर्ण जात नाही, पण मुख्य काम ओढण्याचं.

प्रतिसाद –
मग ‘ओढणे’च लिहा की! मराठीत आसूड काय करतात? ओढतात. कोरडे ओढतात. ताशेरेसुद्धा ओढतात. आसूड पुढे जातो तरी आपण तो ‘ओढला’ म्हणतो, फेकला म्हणत नाही. दोरी पुढे पाठवायला हात मागे ओढायचा हे मराठीला आधीपासून माहितीये.

धागाकर्ता –
व्वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. ‘दोरी ओढली’ मात्र लिहिता येणार नाही, वाचणारा म्हणेल पाण्यातून बाहेर ओढली. ‘फटका ओढणे’ लिहितो.

प्रतिसाद –
आसूड जपून वापरा भाऊ. आसूड वाजतो तेव्हा त्याचं टोक आवाजाच्या वेगापेक्षा पुढे गेलेलं असतं. आमच्याकडे फटाक असा आवाज आला की समजायचं माशी तुटून गेली. पाण्यावरचं टोक वेळेआधी सुटलं किंवा मागची दोरी फुगायच्या आत घाईने पुढे मारलं की हे होतं. नीट जमलं तर टोक पाणी सोडताना नुसतं फर्रर्र करतं. ‘फटका’नेसुद्धा पोरं घाई करतील असं मला वाटतं.

प्रतिसाद –
मूळचा नाशिकच्या सिडकोचा, सध्या स्कॉटलंडात. ‘स्पे’चं भाषांतर करू नका बुवा, ते नदीचं नाव आहे, उत्तरेला मोरे फर्थच्या खाडीत मिळते. तिथल्या काठांवर मागे दोरी न्यायला जागा नाही म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही तऱ्हा निघाली. तेव्हा लाकडी रॉड १८ फुटांचेही असायचे, आता कार्बनचे १२ ते १५ फूट. मासा म्हणजे सामन, आणि लिहाल तेव्हा ‘म्हणजे आपला रावस’ असं कृपया लिहू नका, बाजारात रावसाला इंडियन सामन म्हणून खपवतात पण तो वेगळाच मासा. खरा अटलांटिक सामन अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो आणि नदीत तो खात नाही. म्हणून त्याला डिवचायला माशी त्याच्या पुढ्यातून आडवी फिरवायची. धारेला ४५ अंशांत खालच्या अंगाला दोरी सोडायची, ताणली की ती आपोआप काठाकडे झुलत येते, मग एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा. दिवसभर हेच. एका हाताने केलं तर संध्याकाळी चहाचा कप उचलत नाही.

धागाकर्ता –
‘माशी झुलवणे’ घेतो, स्विंगला मस्त बसतंय. आता अँकर. ‘नांगर’ कसा वाटतो?

प्रतिसाद –
निफाडचा आहे. नांगर म्हटलं की मला फक्त बैल दिसतात.

धागाकर्ता –
हो आणि अर्थानेही चुकतो. जहाजाचा नांगर घट्ट धरून ठेवतो, आपल्याला तेवढं धरलेलं नकोय. माशी आणि तिच्या पुढची थोडी दोरी, तेवढीच पाण्याला चिकटावी, तुमच्यापासून साधारण रॉडभर अंतरावर बाजूला, आणि ज्या दिशेला दोरी जाणार त्या रेषेत पडलेली असावी. जास्त दोरी पाण्यात राहिली तर पाणी सोडत नाही, कमी राहिली तर सगळं मागे उडून झाडात. आडवी पडली तर पुढे जाताना दोरी दोरीत अडकते. म्हणून मला ‘टेक’ बरा वाटतो. दोरीने पाण्यावर टेक घेतली.

प्रतिसाद –
‘टेक’ चांगलाय, आणि त्यातले दोन प्रकारही सुटतात. सिंगल स्पे, स्नेक रोल या कास्टच्या तऱ्हांत टोक क्षणभर टेकतं आणि निघतं. डबल स्पे, स्नॅप-टी यांत ते पाण्यावर पडून राहतं, तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पहिली ‘उडती टेक’, दुसरी ‘बसती टेक’. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नदीवर आखूड आणि जड दोरीची पद्धत निघाली, ती सगळी बसत्या टेकेवर चालते. स्कँडिनेव्हियावाले लांब, हलकी दोरी आणि उडती टेक वापरतात. नवीन पोरांना बसतीपासून शिकवा.

धागाकर्ता –
तेच करतो. आणि आपल्याकडे तसंही डबल स्पेच लागतो, कसं ते बघा. नियम असा की टेक नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला असली पाहिजे, नाहीतर वारा गळ तुमच्या कानात आणून घालेल. सोमेश्वर-आनंदवलीकडे गंगा (म्हणजे आपली गोदावरी) साधारण पूर्वेला वाहते आणि पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे वारा धारेबरोबर. मग टेक धारेच्या खालच्या अंगाला, म्हणजे डबल स्पे. आता सोमेश्वरच्या काठावर, म्हणजे उजव्या काठाला, नदीकडे तोंड केलं की धार उजवीकडे जाते, तर उजवा हात वर. समोरच्या काठावर गेलात की डावा हात वर, तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. वारा उलटा फिरला की सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी. (आम्ही गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधतो आणि घाटावर माणसं असतील तिथे रॉड काढत नाही, तुम्हीही काढू नका.)

डी-लूपला ‘कमान’, स्लॅकला अर्थात ‘ढील’, संक्रांतीची कृपा.

प्रतिसाद –
येवल्याचा आहे, ढील पास! मग रीळला पतंगाच्या मांजाची ‘आसारी’ पण करा ना राव.

प्रतिसाद –
डी-लूपला ‘झोळ’ का नाही?

धागाकर्ता –
झोळ ढिला असतो. या दोरीत ताण पाहिजे, तिच्या वजनाने रॉड वाकला पाहिजे, तरच पुढे काही जाणार. कमानीत ताण आहे. म्हणून लोडलाही ‘भार’ नको, सरांच्या तरफेत भार दुसरीकडेच आहे. ‘रॉडला ताण चढला’ असं लिहितो.

प्रतिसाद –
सराफ बाजारात दुकान आहे, उगाच वाचत होतो. त्या दोरीचं वजन कशात मोजता?

धागाकर्ता –
ग्रेनमध्ये. १९६१ पासून अमेरिकन प्रमाण आहे, पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये, ८ नंबरची एकहाती दोरी २१० ग्रेन. दोन हातांच्या स्कॅजिट दोरीचं जड डोकं, म्हणजे पुढचा जाड भाग, साधारण ५४० वगैरे.

प्रतिसाद –
अहो मग भाषांतर कशाला, ते आमचंच माप आहे. इंग्रजांच्या काळातला तोळा १८० ग्रेनचाच, चांदीचा रुपया त्याच वजनाचा होता. ५४० म्हणजे बरोबर तीन तोळे. आताचा बोलीतला तोळा १० ग्रॅमचा, त्या हिशोबाने साडेतीन, कारण ५४० ग्रेन म्हणजे ३५ ग्रॅम. आणि १२ माशांचा एक तोळा, म्हणजे तुमच्या दोरीतच ३६ मासे आहेत, पाण्यात जायच्या आधीच!

धागाकर्ता –
😂 हे पहिल्या पानावर जाणार. बरं, आत्तापर्यंत ठरलं ते असं: टेक उडती आणि बसती, कमान, ताण, ढील, माशी झुलवणे, स्पे तसंच. फटका ओढणे की नुसतं ओढणे, यावर अजून दोन मतं पडलीत, पोरांवर दोन्ही वापरून बघतो. आणि जड डोक्याच्या मागे जी बारीक दोरी बोटांतून सुटत जाते, रनिंग लाइन, तिला ‘सुटती दोरी’ चालेल का? पतंगवाल्यांनी सांगा.

प्रतिसाद –
चालेल. पण आसारीचं काय झालं?