ट्रिस्टन दा कुन्हा : १९६३ मध्ये बेटवासी परत का गेले?

प्रश्न | वाटसरू

दक्षिण अटलांटिकचा नकाशा सहज न्याहाळत असताना केप टाउनच्या पश्चिमेस सुमारे २,८०० किलोमीटरवर ट्रिस्टन दा कुन्हा हे बेट सापडले आणि तेव्हापासून त्याविषयी मिळेल ते वाचतो आहे. सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेना बेटावर, तीही सुमारे २,४०० किलोमीटर दूर. एकच गाव, माणसे साधारण अडीचशे, विमानतळ नाही. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा सगळ्या गावाला इंग्लंडला हलवण्यात आले. तिथे निवारा आणि रोजगार मिळूनही १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले. हे केवळ जन्मभूमीच्या ओढीने घडले असे मला वाटत नाही. त्यामागे जगण्याची काही ठोस व्यवस्था असली पाहिजे. जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय, सामान्य प्रवाशाला तिथे जाता येते का?

प्रतिसाद | खलाशी

तुमचा अंदाज बरोबर आहे. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनच्या सुटकेसाठी या बेटाचा उपयोग होऊ नये, म्हणून ब्रिटिशांनी १८१६ मध्ये येथे सैन्याची तुकडी ठेवली. ती लवकरच माघारी बोलावली गेली, पण विल्यम ग्लास हा कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला आणि १८१७ मध्ये त्याने साथीदारांबरोबर करार केला, की मालात आणि नफ्यात सर्वांचा सारखा वाटा राहील व कोणीही कोणाच्या वरचढ असणार नाही. आजही तेथील जमीन सामाईक आहे, बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही आणि एकाच घराकडे फार गुरे साचू नयेत म्हणून जनावरांच्या संख्येवरही मर्यादा आहे.

गावापासून काही अंतरावर दगडी गडग्यांच्या आडोशाने बटाट्याचे वाफे आहेत आणि प्रत्येक कुटुंब आपापले वाफे कसते. बटाट्याचे मोल किती, तर १९४६ मध्ये छापलेल्या नमुना टपाल तिकिटावर एक पेनीच्या जोडीला चार बटाटे अशी किंमत होती! रोख पैसा मात्र मुख्यतः शेवंडांतून येतो. समुद्र शांत असेल त्या सकाळी घंटा वाजते, होड्या बाहेर पडतात आणि आलेला माल गावातल्याच कारखान्यात गोठवून परदेशी जातो. इंग्लंडमध्ये पगार होता, पण जमिनीतला वाटा, स्वतःची होडी आणि कामाचा दिवस आपण ठरवण्याची मुभा नव्हती. १९६२ च्या मतदानात परतण्याच्या बाजूने १४८ आणि विरोधात अवघी ५ मते पडली, ती मला यामुळेच समजण्याजोगी वाटतात.

परतल्यावर सगळे सुरळीत नव्हते. घरे बहुतांशी वाचली होती, पण लाव्ह्याने शेवंडांचा कारखाना आणि होड्या लावायचा किनारा गिळला होता. पुढे नवे बंदर बांधले, त्याला कॅलशॉट हे नाव दिले. इंग्लंडमध्ये ही माणसे राहिली होती ते ठिकाण कॅलशॉटच.

प्रतिसाद | वसईकर

या बेटाचा आमच्या वसईशी थेट धागा आहे, तो नोंदवल्याशिवाय राहवत नाही. १५०६ मध्ये भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्याच्या ज्या प्रमुखाला हे बेट दिसले आणि ज्याचे नाव त्याला मिळाले, त्याचाच मुलगा नूनो दा कुन्हा पुढे गोव्यात गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १५३४ च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १५१० मध्ये गोवा जिंकणारा आल्बुकर्कही १५०६ च्या त्याच ताफ्यात होता.

प्रतिसाद | शिडाची होडी

जाण्याविषयी सांगतो. बेटाच्या परिषदेची आगाऊ परवानगी लागते, केप टाउनहून वर्षातून मोजक्याच बोटी सुटतात आणि एका बाजूच्या प्रवासाला साधारण आठवडा लागतो. बंदर लहान आणि उथळ असल्यामुळे जहाज बाहेरच नांगर टाकते व माणसे, सामान छोट्या बोटींतून उतरवतात. समुद्र खवळलेला असेल, तर गावातली घरे डोळ्यांना दिसत असूनही जहाजावर थांबून राहावे लागते. परतीच्या विमानाचे तिकीट म्हणून तारीख बदलता येईल असेच काढावे. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा घ्यावा, कारण बेटावरून परतताना त्या देशात पुन्हा प्रवेश करावा लागतो.