मदत हवी आहे: चार रात्री घर बंद, घरात बोका आणि भाटी. सोय कशी लावावी?

पाऊलवाट

पुढच्या महिन्यात सलग चार रात्री घरात कुणी नसेल. दोन मांजरं आहेत, दोन्ही कायम घरातच राहणारी, नसबंदी झालेली.

बोका सहा वर्षांचा, ५.२ किलो. पूर्वी एकदा त्याची लघवी अडकली होती. तेव्हापासून पशुवैद्यांनी सांगितलेलं मूत्रमार्गासाठीचं ओलं खाणं चालू आहे, ८५ ग्रॅमचे तीन पाऊच रोज. भाटी दीड वर्षाची, ३.४ किलो, कोरडं खाणं खाते. अनोळखी माणूस दिसला की पलंगाखाली नाहीतर कपाटात जाते आणि तासन्‌तास बाहेर येत नाही. बोक्याच्या लसी पूर्ण आहेत, भाटीचा बूस्टर राहिला आहे. औषध सध्या दोघांनाही नाही.

ऑटोमॅटिक फीडर लावून मधे एक दिवस कुणाला तरी पाठवायचं, रोज कुणी घरी येऊन बघायचं, की बोर्डिंगमध्ये ठेवायचं? शेजारच्या काकू रोज सकाळी यायला तयार आहेत, पण त्यांनी मांजर कधी सांभाळलेलं नाही. फीडरमधून ओलं खाणं देता येतं का? आणि काकूंना नेमकं काय लिहून द्यायचं?

रानजाई

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बोक्याच्या त्या जुन्या दुखण्यातच आहे. एकदा लघवी अडकलेल्या बोक्याला ती पुन्हा अडकण्याचा धोका असतो. नराची मूत्रनलिका अरुंद, त्यामुळे थोडे खडे किंवा चिकट गाळही बूच मारल्यासारखा बसतो. पूर्ण अडकली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून 'मधे एक दिवस फेरी' हा पर्याय त्याच्यासाठी बादच करा. दिवसातून दोन फेऱ्या हव्यात, दोन्हींत साधारण १० ते १२ तासांचं अंतर, आणि प्रत्येक फेरी किमान अर्ध्या तासाची.

आता पाण्याचा हिशेब बघा. मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, म्हणजे बोक्याला २६० मिली. ओल्या खाण्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे तीन पाऊचमधून त्याला २०० मिली मिळतं. वाटीतून तो फार थोडं पीत असणार. चार दिवस सोपं जावं म्हणून त्याला कोरड्या दाण्यांवर टाकलं तर हे २०० मिली एकदम बंद होतं. लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. खाणं बदलू नका. उलट प्रत्येक वेळी त्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, कोमट पाणी कालवायला सांगा.

येणाऱ्याने लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शौचाचा वाळूचा ट्रे, उपसताना लघवीने वाळूचे झालेले गोळे मोजायचे. निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे होतात, ओलं खाणाऱ्याचे आकाराने मोठे. निघण्याआधी पाच दिवस तुम्ही स्वतः मोजून दोघांचा मिळून आकडा लिहून ठेवा. कुणाचा गोळा कुठला हे कळणार नाही, पण एकूण आकडा एकदम घसरला तर ते दिसेल. नाण्याएवढे बारीक बारीक गोळे बरेच असणं हीसुद्धा धोक्याचीच खूण.

आणि हे काकूंना ठळक अक्षरांत लिहून द्या: बोका ट्रेमध्ये वारंवार जाऊन कुंथतोय, ओरडतोय, मागची बाजू सतत चाटतोय, ओकतोय, तर ते बद्धकोष्ठ समजून थांबायचं नाही. नवख्या माणसाची नेमकी हीच चूक होते, कारण दोन्हीत बसण्याची ढब सारखीच दिसते. पोट दाबून बघायचं नाही. तुम्हाला फोन लागो न लागो, त्याच तासात त्याला दवाखान्यात न्यायचं.

निळीशाई

फीडरबद्दल. सर्वसाधारण फीडर कोरड्या दाण्यांसाठीच असतात. ओल्या खाण्यासाठी कप्पे फिरणारे मिळतात, खाली बर्फाचा पॅक ठेवायचा. पण गारवा किती तास टिकेल हे खोलीच्या तापमानावर ठरतं. उघडं ओलं खाणं गरम हवेत दोन तासांनंतर ठेवू नये. म्हणजे अशा फीडरचा उपयोग एका जेवणापुरता. सकाळच्या फेरीत भरलेला दुपारचा पाऊच, बस. त्यावर चार दिवस काढता येत नाहीत.

भाटीसाठी कोरडा फीडर चालेल, पण तो निदान आठवडाभर आधी लावा. बिघाड नेहमीचेच असतात. दाणे मोठे किंवा दमट असले की नळीत अडकतात. वीज गेली की काही यंत्रांचं वेळापत्रक पुसलं जातं, म्हणून अडॅप्टरबरोबर नव्या बॅटऱ्या घालूनच ठेवा आणि एकदा प्लग काढून वेळ टिकते का ते बघा. काही मांजरं पंजा घालून दाणे ओढतात किंवा यंत्र आडवं पाडतात, तेव्हा ते भिंतीच्या कोपऱ्यात पक्कं बसवा.

फीडर दाणे ग्रॅमवर मोजत नाही, चाकाच्या खाचेत मावतील तेवढे टाकतो. त्यामुळे पुस्तिकेतल्या आकड्यावर विसंबू नका. लागोपाठ दहा भाग पाडा, वजनकाट्यावर तोला आणि दहाने भागा. पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० किलोकॅलरी लिहिलं असेल तर ३.४ किलोच्या भाटीला दिवसाला साधारण ४७ ते ५७ ग्रॅम पुरतात. तुम्ही सध्या तोलून देता तो आकडा यात बसत असेल तर तोच ठेवा.

दाणे आपोआप खाली सरकणारी साधी टाकी मात्र नको. तिला मोजमाप नसतं, आणि तुमच्या घरात तर बोका पहिल्याच दिवशी तिच्यावर बसेल.

रानजाई

निळीशाई, शेवटचा मुद्दा फीडरलाही लागू आहे. भाटीचा फीडर वाजला की बोकाच आधी पोचणार, म्हणजे कोरडं त्याच्या पोटात आणि ती उपाशी. ज्या मांजराची ओळख-चिप (कातडीखालची किंवा पट्ट्यातली) नोंदवली त्याच्यासाठीच झाकण उघडतं असे फीडर मिळतात. तो नसेल तर दोन्ही फेऱ्यांत भाटीला वेगळ्या खोलीत वाढायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं उचलायचं. ती लाजरी आहे, माणूस घरात असताना कदाचित खाणारच नाही. मग रात्रभर तिची खोली बंद ठेवणं हा मार्ग उरतो. खोलीत तिचं खाणं, पाणी, ट्रे आणि लपायला खोका हवा. याची सवय मात्र आधी दहा-बारा दिवस लावा. निघायच्या दिवशी अचानक कोंडलं तर ती दार ओरबाडत बसेल.

कवडसा

बोर्डिंग सरसकट वाईट नसतं. रोज इन्सुलिन लागणाऱ्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या मांजराला दवाखान्याला जोडलेलं बोर्डिंग घरापेक्षा सुरक्षित असतं. तुमच्या दोघांसाठी मात्र मी ते सुचवणार नाही.

मांजर जितकं माणसाला, तितकंच जागेलाही धरून असतं. परक्या वासांत, परक्या मांजरांच्या आवाजात आधी खाणं कमी होतं, मग लघवी धरून ठेवली जाते. मूत्राशयाचा दाह ताणामुळे उसळतो हे माहीत असताना बोक्याला तिथे पाठवणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. भाटीची अडचण वेगळी. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू जमिनीत, भांड्यांत वर्षभरही तग धरतो, आणि सर्दीचा हर्पीसविषाणू अंगात असलेल्या मांजरात ताणानंतर साधारण आठवड्याने डोकं वर काढतो. बूस्टर राहिलेलं मांजर अशा ठिकाणी ठेवू नये. तो बूस्टर आता तरी घ्याच, पण निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी. ऐनवेळी दिला तर त्यानंतरची एक-दोन दिवसांची मरगळ काकूंच्या वाट्याला येईल आणि ती लशीची की आजाराची हे त्यांना कळणार नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. बोर्डिंगचा विचार सोडला. सकाळी ८ ला काकू, संध्याकाळी ७ ला त्यांचा मुलगा अशी सोय होतेय. बोक्याची तीन जेवणं दोन फेऱ्यांत कशी बसवू? भाटी दिसलीच नाही तर काकूंनी तिला शोधायचं का? आणि कॅमेरा लावला तर संध्याकाळची फेरी टाळता येईल का?

रानजाई

सकाळी दीड पाऊच, संध्याकाळी दीड. एवढं एकदम खात नसेल तर निळीशाईंनी सांगितलेला बर्फाचा कप्पा दुपारसाठी. ही विभागणी आठवडाभर आधीपासून करा. उरलेला अर्धा पाऊच झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि देताना गरम पाणी कालवून कोमट करायचा. गार खाण्याला वास येत नाही, मग मांजर तोंड फिरवतं.

कॅमेऱ्याने फेरी टाळू नका. त्यात मांजर झोपलेलं दिसेल, पण ते दमून झोपलंय की दुखण्याने गप्प पडलंय हे कळत नाही. एक कॅमेरा लावायचाच असेल तर हॉलकडे नको, बोक्याच्या नेहमीच्या ट्रेकडे वळवा.

कवडसा

भाटीला हाताने बाहेर ओढायचं नाही, पण ती जिवंत, शुद्धीवर आहे हे रोज डोळ्यांनी बघायचंच. तिच्या लपण्याच्या चार-पाच जागांचे फोटो काढून काकूंना द्या. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरायचा, डोळे चमकले की झालं, मागे सरायचं. कपाटाचं दार अर्धवट उघडं असेल तर कुणीतरी ते नकळत लावून टाकतं आणि आत मांजर अडकतं. म्हणून कपाटं एकतर पूर्ण बंद करून निघा, नाहीतर दारात काहीतरी अडकवून ती उघडीच ठेवा. वॉशिंग मशीनचं झाकण बंद. निघताना दोन्ही मांजरं मोजल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, हा काकूंचा शेवटचा नियम.

दोन दिवस आधी काकू आणि मुलगा दोघांनाही एकेक सराव फेरी मारायला लावा. तुम्ही घरात असाल, पण हात लावायचा नाही. कुलूप त्यांनीच उघडायचं, पाऊच त्यांनीच फोडायचा, ट्रे त्यांनीच उपसायचा. कुलूप अडतं, फावडं सापडत नाही, हे तेव्हाच कळतं. दारातून येताना आधी पिशवी किंवा पाय खाली आडवा धरायचा, मग आत शिरायचं. मांजर निसटतं ते याच क्षणी.

दोन मांजरांना तीन ट्रे असावेत. प्रत्येकात ५ ते ७ सेंटिमीटर लिटर. ब्रँड या दिवसांत बदलू नका.

निळीशाई

घरातल्या वस्तूंचं राहिलं. सुईदोरा, लोकर, रिबीन, काडीला दोरी बांधलेली खेळणी उचलून कपाटात. गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडून ते कापतो, आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून टोक दिसलं तरी ओढायचं नसतं. लिलीची फुलं घरात असतील तर काढून टाका. तिचे पराग, पानं, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं बंद पाडतं. खिडक्यांना जाळी नसेल तर चार दिवस बंदच. ताप वाटतो म्हणून काकूंनी पॅरासिटामॉल देऊ नये हे वेगळं लिहा. माणसाची अर्धी गोळीही मांजराला मारक ठरते.

रानजाई

कागदावर सगळं लिहाल तेव्हा दुखण्याच्या खुणा सर्वांत वर, खाण्याचं वेळापत्रक त्याखाली. कुठल्याही मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांना फोन करायचा. उपासात मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते, आणि 'रुसलं असेल, भूक लागली की खाईल' हा हिशेब मांजराच्या बाबतीत चुकतो.

दवाखान्यात आधीच एक सही केलेलं पत्र देऊन ठेवा: मांजरांचं वर्णन, बोक्याचा जुना इतिहास, काकूंना निर्णयाचा अधिकार आणि तुम्ही किती खर्चापर्यंत आगाऊ मंजुरी देता तो आकडा. रात्री उघडा असणारा दवाखाना वेगळा असेल तर त्याचा पत्ता आणि नंबर कागदावर. कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) दारापाशी, झाकण उघडं, आत जुना टॉवेल. आठवडाभर आधीपासून तसाच ठेवला की मांजर त्यात स्वतः जाऊन बसतं आणि ऐनवेळी झटापट होत नाही.

परतीच्या दिवशीची संध्याकाळची फेरी रद्द करू नका. 'आम्ही पोचलो' असा फोन काकूंना गेला की मगच त्यांनी थांबायचं, तोपर्यंत किल्ली त्यांच्याकडेच.