मदत हवी आहे : सहावीतली पोरगी, नवीन ट्रम्पेट, घरचा सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरचे. मुलीला यंदा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट मिळालाय आणि ती जाम खुश आहे. सर म्हणतात रोज पंधरा-वीस मिनिटं वाजवा, रविवारी एकदम दोन तास बसून काही उपयोग नाही, आणि ते पटतं पण, कारण ओठांचे स्नायू हळूहळूच तयार होतात, थकले की सूर फाटतो अन् मग ही अजून जोर लावून माउथपीस (फुंकायला ओठांना लावतात तो भाग) ओठांवर दाबते. आधी नुसता माउथपीस, मग एकच सूर लांब धरायचा, मग थोडी स्केल, एवढं करतो. पण तिला आत्ताच २६ जानेवारीच्या परेडची धून हवी, लांब सुरांचा कंटाळा येतो.

पहिल्या वर्षी नेमकं किती यायला हवं? बटनं तीनच, पण तेच बटन दाबून वेगवेगळे सूर ओठांनी काढायचे, सोपं नाहीये हो. गल्लीतले एक दादा लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात, ते शिकवायला तयार आहेत, दोघांकडे शिकून गोंधळ होईल का? आणि घरं चिकटून आहेत, तर सुरुवातीलाच म्यूट (आवाज कमी करायला ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं बूच) लावला तर चालेल का? कुणाची मुलं शिकली असतील तर प्लीज सांगा.