प्रतिसाद: स्नोमोबाइलचं सस्पेन्शन बदलल्यावर ट्रॅकचा खडखडाट

वरच्या उत्तरात म्हटलंय की स्नोमोबाइलचा ट्रॅक (खाली फिरणारा रबरी पट्टा) अजून ताणा म्हणजे ब्रेक मारताना येणारा खडखडाट जाईल, पण नुसतं ताणून माझं काम झालं नव्हतं. मागचं सस्पेन्शन बदलल्यावर मी स्टँडवर स्लेड (म्हणजे स्नोमोबाइल) उचलून, ट्रॅकच्या मध्यावर वजन टांगून झोळ (ट्रॅक किती खाली लोंबतो ते) मॅन्युअलप्रमाणे बरोबर लावला, तरी बर्फावर गेलं की ड्राइव्ह स्प्रॉकेटवरून (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकावरून) ट्रॅकचे दाते उड्या मारायचेच, मग अजून ताणला आणि स्लायडरचं (ट्रॅक ज्यावरून घसरतो त्या पट्टीचं) प्लास्टिक पुढच्या वाकाशी पार खाल्लं गेलं, फार वाईट वाटलं.

शेवटी कळलं की सस्पेन्शनच्या पुढच्या आर्मचा (जोडदांड्याचा) बोल्ट चुकीच्या भोकात होता, त्यामुळे माणूस बसून सस्पेन्शन दबलं की ट्रॅक सैल पडायचा. म्हणून आधी आर्मची भोकं आणि लिमिटर स्ट्रॅप (सस्पेन्शनचं पुढचं टोक किती खाली जाईल ते ठरवणारा पट्टा) बघा, सस्पेन्शन दाबून झोळ तपासा, मगच मागचा अॅक्सल ढिला करून ट्रॅक ताणायच्या अॅडजस्टरला हात लावा.