कर्सेसमध्ये स्क्रीन सारखी लुकलुकते, आणि आउटपुट फाइलमध्ये घेतलं की नुसता कचरा

रात्रपाळी_०७
नमस्कार मंडळी, पायथनमध्ये एक छोटा मॉनिटर लिहिलाय, सर्व्हरवर रांगेत किती जॉब (त्याने करायची कामं) आहेत, कुठला चालू आहे, कुठला अडकलाय ते टर्मिनलवर दाखवतो. त्यासाठी कर्सेस, म्हणजे टर्मिनलवर हव्या त्या जागी मजकूर मांडणारी लायब्ररी, वापरलंय. लूपमध्ये आधी क्लिअर, मग सगळ्या ओळी लिहायच्या, मग रिफ्रेश, आणि हे सेकंदाला ५ वेळा. माझ्या मशीनवर चालवलं तर ठीकठाक दिसतं पण एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरून, चालवलं की अख्खी स्क्रीन लुकलुकते, दहा मिनिटं बघितलं की डोळे दुखायला लागतात. दुसरं म्हणजे हेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर आत चौकटी कंस, आकडे, एच आणि एम असली अक्षरं भरलेली असतात, वाचताच येत नाही. आणि प्रोग्राम मध्येच मेला की शेलमध्ये (जिथे कमांड देतो तिथे) टाइप केलेलं दिसत नाही, टर्मिनल बंद करून नवीन उघडावं लागतं. रात्री ड्यूटीवरची माणसं हेच बघत बसतात त्यामुळे नीट व्हायलाच हवंय. कुणी सांगेल का?

हळू_आणि_नीट
सेकंदाला ५ वेळा कशाला? जॉबची रांग इतक्या झपाट्याने बदलत नाही. १ सेकंदावर आणून बघा, लुकलुक बरीच कमी होईल.

ओळ_२४
वेग कमी केल्याने त्रास कमी होईल पण मूळ कारण तसंच राहील. गोम तुमच्या क्लिअरमध्ये आहे.

कर्सेस स्वतःजवळ दोन चित्रं ठेवतं, एक आत्ता टर्मिनलवर काय आहे त्याचं आणि एक तुम्हाला काय हवंय त्याचं. रिफ्रेश म्हटलं की दोन्ही ताडून बघतं आणि जेवढं बदललंय तेवढंच पाठवतं. पण क्लिअर हे चित्र नुसतं कोरं करत नाही, ते पुढच्या रिफ्रेशला सांगून ठेवतं की जुनं सगळं विसर, स्क्रीन पुसून पहिल्यापासून काढ. म्हणजे सेकंदाला ५ वेळा स्क्रीन खरोखर कोरी होतेय आणि मग भरतेय. घरच्या मशीनवर हे इतक्या पटकन होतं की डोळ्याला कळत नाही, नेटवर्कवर पुसणं आणि भरणं यात फट पडते आणि ती फट म्हणजे तुमची लुकलुक.

क्लिअर काढा, तिथे इरेज टाका. इरेज फक्त मनातलं चित्र कोरं करतं. तुम्ही त्यावर परत त्याच ओळी लिहिल्या तर बदल शून्य, पाठवायचंही जवळपास काही नाही. फक्त जॉबचा आकडा १७ चा १८ झाला तर कर्सर तिथे नेऊन ७ च्या जागी ८ लिहिला जातो, बस. एकापेक्षा जास्त खिडक्या (स्क्रीनचे वेगवेगळे भाग) असतील तर प्रत्येकीला वेगळं रिफ्रेश करू नका, सगळ्यांना नाउटरिफ्रेश (noutrefresh, नुसती तयारी) आणि शेवटी एकदाच डूअपडेट (प्रत्यक्ष पाठवणं).

फक्त बदल पाठवायची ही काटकसर उगाच केलेली नाही. २४ ओळी गुणिले ८० रकाने म्हणजे १९२० अक्षरं. १२०० बिट वेगाच्या मोडेमवर सेकंदाला साधारण १२० अक्षरं जायची, म्हणजे पूर्ण स्क्रीन भरायला १६ सेकंद! त्या काळी कर्सेस लिहिणाऱ्यांना एकेक अक्षर वाचवणं भागच होतं, आणि त्याचा फायदा आज एसएसएचवर आपल्याला मिळतो. मला तरी याचं फार अप्रूप वाटतं.

रात्रपाळी_०७
बदललं. लुकलुक पूर्ण गेली, खरंच मनापासून आभार! पण आता एक नवीनच झालंय, मध्येच कुठेतरी एका लायब्ररीची वॉर्निंग स्क्रीनवर उमटते आणि जातच नाही. एकदा तर सगळ्या ओळी एक घर वर सरकल्या. हे आधी नव्हतं.

ओळ_२४
आधीही होतं, तुमचा क्लिअर दर वेळी ते पुसून टाकत होता म्हणून दिसलं नाही. ती वॉर्निंग स्टँडर्ड एररवर (एरर आणि इशाऱ्यांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) जाते, म्हणजे कर्सेसला न विचारता थेट टर्मिनलवर. कर्सेसच्या हिशेबात त्या जागेवर अजून जुनाच मजकूर आहे, बदल नाही तर पाठवायचं काय, म्हणून ते तिला हातच लावत नाही. आणि कर्सर शेवटच्या ओळीवर असताना तिथे नवी ओळ पडली तर टर्मिनल सगळं वर सरकवतं, त्याचाही कर्सेसला पत्ता नसतो.

चालवतानाच शेलमध्ये स्टँडर्ड एरर वेगळ्या लॉग फाइलकडे वळवा. पायथनच्या आत सिस डॉट एसटीडीईआरआर बदलून पुरत नाही, कारण सी मधली लायब्ररी असेल तर ती पायथनला वगळून सरळ २ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे स्टँडर्ड एररच्या सिस्टिममधल्या मूळ क्रमांकावर, लिहिते. आणि कंट्रोल एल दाबल्यावर मात्र क्लिअर ठेवा, तिथे तो योग्य आहे. पडदा बिघडला तर बघणाऱ्याच्या हाताशी उपाय हवा.

पाइपवाला
फाइलच्या कचऱ्याबद्दल सांगतो. ती अक्षरं म्हणजे टर्मिनलसाठीचे हुकूम आहेत, एस्केप म्हणजे २७ नंबरचं अक्षर, त्यापुढे चौकटी कंस, मग आकडे, मग एक अक्षर. एच म्हणजे कर्सर हलव, एम म्हणजे रंग बदल. फाइलला हे काय कळणार. म्हणून कर्सेस चालू करायच्या आधीच स्टँडर्ड आउटपुटवर इजअॅटीटीवाय विचारा, म्हणजे समोर खरंच टर्मिनल आहे का ते कळतं. उत्तर हो आलं तरच कर्सेस, नाहीतर साध्या ओळी प्रिंट करा, तारीख-वेळ आणि जॉबची स्थिती, तेही काही बदललं असेल तेव्हाच.

पण तिथे अजून एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः दोन तास घालवलेत. समोर टर्मिनल असेल तर प्रत्येक ओळ लगेच दिसते, फाइल किंवा पाइप (दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारं आउटपुट) असेल तर बफर, म्हणजे तात्पुरता साठा, भरेपर्यंत ओळी आतच साठतात. टेल (फाइलमध्ये नवीन पडणाऱ्या ओळी दाखवणारी कमांड) लावून बसलं तर वाटतं प्रोग्राम अडकलाय, आणि तो तर व्यवस्थित चाललेला असतो. प्रिंटला फ्लश ट्रू द्या, किंवा पायथन चालवताना वजा यू लावा.

हळू_आणि_नीट
क्लिअर आणि इरेजमधला हा फरक मलाही माहीत नव्हता, माझेही दोन प्रोग्राम आज दुरुस्त केले.

टाइप केलेलं न दिसण्याबद्दल: मुख्य फंक्शन कर्सेस डॉट रॅपरमधून चालवा, एरर आली तरी ते टर्मिनल पूर्ववत करून मगच बाहेर पडतं. फक्त बाहेरून साधा किल दिला तर पायथन तिथल्या तिथे संपतो, रॅपरला संधीच मिळत नाही, म्हणून सिगटर्मसाठी (साधा किल हाच सिग्नल पाठवतो) हँडलर, म्हणजे तो आल्यावर चालणारं फंक्शन, लावून त्यातून सिस डॉट एक्झिट करा. अडवताच न येणाऱ्या किल वजा ९ पुढे मात्र कुणाचंच चालत नाही. तसं झालं तर टर्मिनल बंद करायची गरज नाही, न दिसता का होईना रीसेट टाइप करा आणि एंटर. एंटरही चालत नसेल तर आधी कंट्रोल जे, मग रीसेट, मग परत कंट्रोल जे.

रात्रपाळी_०७
रॅपर लावलं, मुद्दाम एरर टाकून बघितली, टर्मिनल शाबूत. एकच राहिलं. बंद केल्यावर शेवटचा हिशेब, किती जॉब झाले किती राहिले, तो स्क्रीनबरोबर नाहीसा होतो आणि शेल पहिल्यासारखं दिसतं. तो मागे राहायला हवा.

पाइपवाला
कर्सेस पर्यायी स्क्रीनवर चित्र काढतं, बाहेर पडताना ती स्क्रीन जाते आणि शेलची जुनी परत येते. हिशेब रॅपरच्या आत छापू नका, तुमच्या फंक्शनमधून तो रिटर्न करा आणि रॅपर संपल्यावर पुढच्या ओळीत साधा प्रिंट. तो शेलच्याच स्क्रीनवर पडेल आणि वर स्क्रोल करून नंतरही सापडेल.

रात्रपाळी_०७
झालं, हिशेब राहतोय. आज रात्रीपासून हाच लावतो.