विस्तार कार्यालय फक्त शेतकऱ्यांसाठी नाही
विद्यापीठाच्या विस्तार कार्यालयाचे, म्हणजे विद्यापीठातलं उपयोगी ज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्या कार्यालयाचे वर्ग शेतकऱ्यांपुरतेच असतात, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. अमेरिकेत हे काम ज्यावर उभं आहे त्या १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यातच शेतीच्या जोडीला गृहविज्ञान आहे.

घरी भाज्या बरणीबंद करणाऱ्या प्रत्येकाने तर तिथला बरणीबंद करण्याचा वर्ग करावाच, मग घर शहरात का असेना. घेवड्यासारख्या आंबटपणा कमी असलेल्या भाज्यांना नुसतं उकळतं पाणी पुरत नाही. बॉट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला सहजासहजी मरत नाहीत, बरण्या दाबाच्या भांड्यात (प्रेशर कॅनर) ठेवून दाबाखाली ११६ अंशांच्या आसपास जावं लागतं. आणि त्या भांड्याचा दाब दाखवणारा काटाच चुकीचा असेल तर? म्हणून तो दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात आणि अनेक कार्यालयं ही तपासणी स्वतःच करून देतात.