मेक्सिकोचा देशी मका: राज्यघटनेतली बंदी पुरेशी आहे का?

रानवाटा: मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने राज्यघटनेत दुरुस्ती करून जनुकीय सुधारित मक्याच्या लागवडीला मनाई केली, याचे स्वागतच आहे, मात्र अन्न सार्वभौमत्वाची, म्हणजे काय पिकवायचे आणि खायचे हे आपले आपण ठरवण्याच्या हक्काची, चर्चा कायद्यापाशीच थांबते, हे खटकते. ओआहाकासारख्या राज्यात देशी वाण टिकले, त्यात बायकांच्या पारखीचा मोठा वाटा आहे. कापणीनंतर कीड न लागलेली कणसे बाजूला काढायची आणि बियाण्यासाठी टोकाचे व बुडाचे दाणे वगळून मधलेच घ्यायचे, हे घरात बसून होणारे काम आहे. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून रात्रभर मुरवायचा आणि चोळताच टरफल सुटले की वाटायला घ्यायचा, हेही त्यांचेच. या ‘निश्तमाल’ रीतीमुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. मका युरोपात गेला, ही रीत मागेच राहिली आणि उत्तर इटलीतल्या गरिबांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने ग्रासले.

जमाखर्च: माहिती योग्य आहे, निष्कर्ष पटत नाही. रोज पहाटे तासन्‌तास पाट्यावर वाटण्यातून बायकांची सुटका निश्तमालाच्या गिरण्यांनी केली, आणि त्या कष्टाला आपण दुरून ‘ज्ञान’ म्हणून गौरवतो. शिवाय मेक्सिको अमेरिकेकडून प्रचंड प्रमाणात पिवळा मका घेतो, तो मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी. डोंगरउतारावरचे कमी उत्पन्नाचे वाण ही गरज कशी भागवणार?

रानवाटा: गिरणीला माझा विरोध नाही, गिरणीत जाणारा मका कोणता, हा प्रश्न आहे. आणि ‘कमी उत्पन्न’ हे खतपाणी घातलेल्या सपाट शेताच्या मापाने ठरते. ओआहाकातल्या मिहे भागातील ओलोतोन मक्याच्या हवाई मुळांवर चिकट द्राव येतो आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. हा वाण कोणत्याही कंपनीने घडवलेला नाही.

तिसरी पाळी: तुम्ही दोघेही जमिनीविषयी बोलत नाही. एहिदो या सामूहिक जमिनीचे हक्क प्रामुख्याने पुरुषांच्या नावावर आहेत. बियाणे निवडणाऱ्या बाईला त्या जमिनीत काय पेरायचे हे ठरवता येत नसेल, तर तिचे सार्वभौमत्व कोणते? मला विचाराल, तर पुढची दुरुस्ती तिथे हवी.

जमाखर्च: एवढे मान्य. पण नाव सातबाऱ्यावर लागले (तिथे जे काही म्हणत असतील ते), तरी देशी मक्याला चार पैसे जास्त मोजणारे गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय ती तो पेरील, असे मला वाटत नाही.